पायाचा हात

नणंद-भावजयीचं कधी पटत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या घरी यावं. माझं नणंदेशी उत्तम पटतं. पटत नाही ते नवऱ्याशी, आणि त्याचं कारण आता सांगतेच. कोणी म्हणेल, घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर कशाला आणतेस बाई? अहो, मी कुठे आणल्या! आमच्या लेखकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानेच, त्या रेडिओवरून सगळ्या गावाला ऐकवल्या. मी फक्त त्यातलं कोणाचं काय होतं ते सांगते.

नणंद माझ्या नवऱ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. तो तिला ताई म्हणतो, म्हणून मीही ताईच म्हणते. त्याचे केस पिकले तरी ती त्याला अजून धाकट्याच म्हणते. सुरुवातीला मी तिच्याशी अहो-जाहो करायची, तर एक दिवस वैतागून म्हणाली, "दिवसभर गिऱ्हाइकांना 'अहो, हात वर करा, अहो, वळा' करून माझी जीभ दमते. घरात तरी तू म्हण." तेव्हापासून तू.

तिचं शिवणाचं दुकान आहे. दोन मशिनी, एक कापायचं टेबल, इस्त्री, आणि भिंतीवर शाळांच्या गणवेशांचे नमुने टांगलेले. मदतीला एक काजवाली आहे, म्हणजे काजं-बटणं करणारी बाई, ती हातापेक्षा तोंडाने जास्त काम करते. ताई तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी बोलते आणि गिऱ्हाइकाला ते कळतंही. मुलांची मापं घेताना आयांना म्हणते, "दोन बोटं सैल ठेवते. लेकरू वाढतंय. तुमचं माप आपलं आहे तेवढंच राहू दे." लग्न केलं नाही. कोणी खोदून विचारलं तर सांगते, मापाचा मिळाला नाही, आणि जन्मभर उसवत-शिवत बसायची मला हौस नाही.

धीट म्हणाल तर अशी की एकदा मशीनची सुई नखातून आरपार गेली. हिने ती ओढून काढली, बोटाला चिंधी गुंडाळली आणि अर्धी राहिलेली बाही पुरी केली. दुकानाचा मालक एकदा दोन दांडगट माणसं घेऊन जागा खाली करायला आला, तर मोठी कात्री हातात घेऊन हिने विचारलं, "बोला, पहिलं माप कोणाचं घेऊ?" मालक आल्या पावली परत गेला. आई आजारी असायची, वडिलांचा पगार बेताचा, तेव्हा धाकट्याचं शिक्षण हिने मशीनवर केलं. त्याचं पहिलं लिखाण छापून आलं तेव्हा सगळ्यांना दाखवत फिरली.

एकच गोष्ट मला विचित्र वाटायची. आजारी माणसाकडे ही कधी जायची नाही. डबा पाठवील, औषधं पाठवील, रात्री झोपायला माणूस पाठवील, पण स्वतः? हातात काम आहे, उद्या बघू, असं करून टाळायची. काजवालीचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या घरचं सगळं हिने पाहिलं, पण दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही. मला वाटायचं, खरंच कामात असेल.

आता सासूबाईंचं सांगते. मी या घरात यायच्या आधीचं आहे हे. सासरे, म्हणजे आमचे बाबा, नको नको म्हणत असताना स्टुलावर चढून पंखा पुसायला गेले, पडले आणि पाय मोडून घेतला. प्लास्टर मांडीपर्यंत. सासूबाईंना संताप आला, तो त्यांनी अबोला धरून काढला. सगळं करायच्या, पण अक्षर बोलायच्या नाहीत. एका दुपारी छाती धरून खाली बसल्या. बाबांना वाटलं, हा रागाचाच पुढचा भाग. ते म्हणाले, "पुरे झाली नाटकं." शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं. बाबांना प्लास्टर घेऊन जिना उतरता येईना. माझा नवरा परगावी नोकरीला. ताई दुकान टाकून धावली.

संध्याकाळी ती घरी आली आणि बाबांना म्हणाली, "आई गेली. शेवटी मी जवळ होते. म्हणाली, त्यांना सांग, राग केव्हाच गेला. पायाला जपा म्हणावं."

या एका वाक्यावर बाबा आजवर जगले. मी पहिल्यांदा त्यांना भेटले तेव्हा चहा यायच्या आधी त्यांनी मला ते ऐकवलं. दूधवाल्याला ऐकवलं, डॉक्टरला ऐकवलं. पाय दुखला की स्वतःशीच म्हणायचे, जपायला सांगितलंय. मी कधी चेष्टा केली नाही. बायकोशी भांडून बसलेल्या माणसाला असं काही मिळालं तर तो त्याला घट्ट धरणारच.

आणि ते वाक्य सासूबाई बोललेल्याच नव्हत्या. ताई वर गेलीच नाही. दवाखान्याच्या जिन्यापाशी बाक होता, त्यावर बसून राहिली. उठायची, दोन पायऱ्या चढायची, पाय कापायला लागले की परत बाकावर. वरून माणूस सांगायला आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरी चालत येताना तिने ते वाक्य मनात जुळवलं. दुसऱ्या दिवशी भाऊ आला, तेव्हा त्याच्या गळ्यात पडून सगळं सांगितलं आणि त्याच्याकडून वचन घेतलं की हे कोणाला कळता कामा नये, बाबांना तर मरेपर्यंत नाही. त्याने ते दिलं. मलासुद्धा इतकी वर्षं पत्ता लागू दिला नाही. मी म्हणते, बायकोला नाही सांगितलं, ठीक आहे, बहिणीचा शब्द पाळला. मग पुढे जे केलं ते काय होतं?

माझा नवरा दिवसा कचेरीत जातो आणि सकाळी उठून रेडिओसाठी मालिका लिहितो. त्याच्या मालिकेतली खाणावळवाली, जिला सगळे थोरली म्हणतात, ती म्हणजे आमची ताई. तसं तो कधी कबूल करायचा नाही, पण थोरली तोंड उघडायची आणि काजवाली टाळी द्यायची, "हे बघा, परवा तुम्ही मालकाला हेच म्हणालात!" ताई वरवर चिडायची. "मी काय अशी फाडफाड बोलते?" आणि संध्याकाळी सातला बरोबर रेडिओजवळ.

प्रत्येक भाग रेडिओवर जायच्या आधी दुकानात वाचला जायचा. ही त्या दोघांची पद्धत होती. तो टेबलाच्या कडेला बसून वाचायचा, ती मशीन चालवायची. जिथे लिहिलेलं खोटं वाटलं तिथे तिचा पाय थांबायचा. काही बोलायची नाही, फक्त मशीन थांबवायची. तो तिथे काट मारायचा. मी त्याला किती वेळा सांगितलं असेल की हा संवाद ओढूनताणून वाटतोय, तर मला म्हणायचा, "तुला त्यातलं कळत नाही." ताईचा पाय थांबला की मात्र मुकाट्याने खोडायचा.

तर झालं असं की रेडिओ केंद्रावर मालिका पास करणाऱ्या बाईंनी याला बोलावून सांगितलं, "तुमची थोरली फार गोड झाली हो. ऐकणाऱ्यांचे दात किडतील. हिच्यात काहीतरी कमी असू द्या." घरी येऊन आमचे लेखक दोष शोधायला लागले. भाजी निवडताना मला विचारतात, "थोरली चिक्कू असली तर?" मी म्हटलं, खाणावळवाली चिक्कू, गिऱ्हाईक टिकायचं नाही. "चुगलखोर?" मग तिच्या पाठीशी कोण उभं राहील? मी म्हटलं, "तिला एक नवरा दे. आपोआप दोष निघतील." त्याला हसू आलं नाही.

शेवटी त्याने थोरलीला तापट केलं आणि तो भाग दुकानात वाचला. मशीन पहिल्याच पानावर थांबलं. या वेळी मात्र ताई बोलली. "हे वरून ठिगळ लावल्यासारखं दिसतंय रे. ती अशी नाहीच. तिच्यातलंच काहीतरी काढ."

काढलं ना. तिच्यातलंच काढलं.

पुढच्या आठवड्यात तो दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, या वेळचा भाग तुला वाचून दाखवत नाही. थेट रेडिओवर ऐक. सरप्राइज." ताई अशी खूश झाली की विचारू नका. तिला वाटलं, भावाने तिच्यासाठी काहीतरी खास लिहिलंय. त्या संध्याकाळी तिने मशिनी लवकर बंद केल्या, इस्त्री काढून ठेवली, काजवालीला थांबवून घेतलं, मला फोन करून बोलावलं. चहा केला. मी गेले तेव्हा ती रेडिओचा आवाज मोठा करत होती.

सुरुवातीला सगळ्या हसत होत्या. थोरलीची मावशी आजारी पडते, काकांचा हात मोडलेला, थोरली खाणावळ टाकून दवाखान्यात धावते. मग जिना आला. जिन्याखालचा बाक आला. थोरली दोन पायऱ्या चढते आणि परत खाली येते.

ताईच्या हातातला कप तसाच राहिला. माझ्याकडे बघून ती अगदी हळू म्हणाली, "तो सांगतोय."

"काय सांगतोय?" मी विचारलं.

"बाबा ऐकत असतील." एवढं म्हणाली आणि चपलासुद्धा न घालता बाहेर पडली.

मी तिच्यामागे धावले. बाबांचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. धावता धावता तिने मला सांगितलं, तुटक तुटक, श्वास घेत, मघाशी मी जे सांगितलं ते सगळं. मी वर गेले नाही गं. मी काहीच ऐकलं नाही. ते वाक्य मी केलं. आणि मालिका काही थांबत नव्हती. वाण्याच्या दुकानात लागलेली, सलूनमध्ये लागलेली, खिडक्या-खिडक्यांतून तीच. आम्ही कोपऱ्यावर वळलो आणि कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून थोरलीचा आवाज आला. ती काकांना खोटं सांगत होती. "शेवटी मी जवळ होते. म्हणाली, त्यांना सांग, राग केव्हाच गेला. हाताला जपा म्हणावं."

ताई तिथेच भिंतीला टेकली. मला वाटलं, आता ही परत फिरणार. खरं सांगते, फिरली असती तरी मी तिला बोल लावला नसता. बाबांच्या जिन्याशी तिने कठडा धरला, एकदा वर पाहिलं, आणि चढली. मी मागे होते. तिचे पाय लटलट कापत होते, तरी एकेक पायरी करत ती चढली.

बाबा खुर्चीत बसले होते. रेडिओ मांडीवर, त्यावर साबणाची जाहिरात चाललेली. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि रेडिओ बंद केला. ताई दारातच उभी. मला सुचेना म्हणून मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर ताई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसलेली आणि बाबा तिच्या डोक्याकडे बघत होते. हात ठेवला नव्हता. इतकी वर्षं मी बघते, ती आली की आधी तिच्या डोक्यावर हात ठेवायचे.

आणि अशात आमचे लेखक आले. रेडिओ केंद्रावरून थेट इकडे. चेहरा असा फुललेला! "बाबा, ऐकलंत? फोन थांबत नाहीयेत तिकडे! बाई म्हणाल्या, इतका खरा भाग आजवर झाला नाही." मग त्याला ताई दिसली, मी दिसले. फुललेला चेहरा एकदम उतरला.

"धाकट्या," ताई म्हणाली, "तू मला शब्द दिला होतास."

"ताई, मी सगळं बदललं होतं," तो म्हणाला. "आईची मावशी केली. बाबांचे काका केले. पायाचा हात केला!"

माझा तोल गेला. "पायाचा हात केलास? वा! म्हणजे कोणाला ओळखू यायला नको, नाही का? अरे, ज्या माणसाने ते वाक्य जपमाळेसारखं घोकलंय त्याला हात आणि पायातला फरक कळला आणि बाकी काही कळलं नाही, असं वाटलं तुला? एवढी पानं लिहितोस, एक वाक्य बदलता आलं नाही?"

"बदलून बघितलं," तो म्हणाला. आता त्याचा आवाज पार खाली गेला होता. "चार-पाच वेळा बदललं. दुसरं काहीही घातलं की खोटं वाटायला लागायचं. ताईच्या वाक्यासारखं एकही होईना."

"म्हणून मला वाचून दाखवलं नाहीस," ताई म्हणाली.

तो वाकून चपला काढायला लागला.

"माझा भित्रेपणा घ्यायचास," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "मी पळपुटी आहे, ते घ्यायचंस. बाक घे, जिना घे, उद्या सगळा गाव मला हसू दे. लागलं असतं मला, खूप लागलं असतं, पण माझं मी सोसलं असतं. माझ्या भावाला लिहायला माझाच दोष हवा होता, म्हटलं असतं, घे बाबा. पण ते वाक्य माझं नव्हतं रे. ते मी बाबांना दिलं होतं. दिलेली वस्तू तू त्यांच्या हातातून काढून घेतलीस."

"ताई, मला वाटलं नव्हतं..."

"तुला सगळं वाटलं होतं. म्हणून तर पायाचा हात केलास."

इतकी वर्षं मी या माणसाच्या लिखाणासाठी उठून चहा केला, मुलांना गप्प बसवलं, शेजाऱ्यांना सांगितलं, हे लिहितायत, हळू बोला. त्या क्षणी मला वाटलं, हा कोण माणूस आहे? माझी कुठली गोष्ट याने कुठे जपून ठेवलीय, आणि ती कधी कोणाच्या तोंडी घालणार आहे?

"थांबा जरा," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्या नवऱ्याला समोर बसायला सांगितलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुला लिहिता येतं ना? मग आता मला दुसरं दे."

"दुसरं काय, बाबा?"

"दुसरं वाक्य. हे गेलं. ती काय म्हणाली असती, ते तू सांग. तू तिचा मुलगा आहेस, तुला ती कशी बोलायची ते माहीत आहे. सांग."

माझा नवरा मान खाली घालून बसला. मला वाटलं, हा आता उठून निघून जाईल. मग बाबांकडे न बघता तो म्हणाला, "ती म्हणाली असती... त्यांच्या बोलण्याचं मी कधी मनावर घेतलं नाही. त्यांना एकटं बसवू नका."

काय सांगू तुम्हाला. मी त्याच्यावर इतकी संतापलेली, तरी माझ्या अंगावर काटा आला. ताईने ओठ आवळून धरले. बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवून ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग डोळे उघडले.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "चांगलं लिहितोस तू. पण हे तूच लिहिलंयस ना. आता मला ते माहीत आहे."

त्यांनी ताईकडे मान वळवली. "तिच्याजवळ खरंच कोणी नव्हतं?"

"मला माहीत नाही, बाबा," ताई म्हणाली. "नर्स असेल. मी नव्हते."

"आणि काही बोलली असेल तर?"

"मला माहीत नाही."

बाबांनी मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. रेडिओ मांडीवरून उचलून बाजूला ठेवला, दुखऱ्या पायावरून एकदा हात फिरवला, आणि आमच्या कोणाकडे न बघता म्हणाले, "म्हणजे आमच्या दोघांतलं शेवटचं बोलणं माझंच राहिलं."